धुराड्याचा नियम कागदावर आणा : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : घरात लाकडावर चालणारी शेगडी व तिचे धुराडे बसवण्यासाठी सुरक्षा नियम करण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात वास्तुविशारद म्हणून काम करते. माझं बरंचसं काम पेठांमधल्या जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीचं आणि मुळशी, पानशेत, मावळ या भागातल्या छोट्या घरांचं असतं. अलीकडे या भागातल्या नव्या घरांमध्ये बैठकीच्या खोलीत लाकडावर चालणारी लोखंडी शेगडी बसवून घेण्याची हौस वाढली आहे. समोर काचेचं दार, मागून वर गेलेला पाइप आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री भोवती बसलेलं कुटुंब. हौसेबद्दल माझी तक्रार नाही. थंडी खरी असते आणि शेतावर लाकूडफाटाही असतो. पण ही शेगडी बसवतं कोण, कशी, आणि ती नीट बसली आहे की नाही हे तपासतं कोण, या प्रश्नांना आज उत्तर नाही. म्हणून हे पत्र.

चूल आपल्याला नवी नाही, मग नियम कशाला, असं कुणी म्हणेल. जुन्या घरातली चूल मातीच्या भिंतीपाशी, मातीच्या जमिनीवर असायची आणि वरच्या कौलांच्या फटींतून धूर निघून जायचा. त्या धुराने पिढ्यान्‌पिढ्या बायकांचे डोळे आणि फुप्फुसं खराब केली, ते दुखणं वेगळं आणि मोठं आहे. पण तिथे आजूबाजूला पेट घेईल असं फारसं काही नसायचं आणि हवा खेळती असायची. आजच्या खोलीत प्लायवूडचं फॉल्स सीलिंग असतं, त्यावर उष्णता कोंडून ठेवणारं ग्लासवूल, भिंतीला लाकडी पॅनेल आणि घट्ट बसणाऱ्या सरकत्या खिडक्या. अशा खोलीत विस्तव ठेवायचा तर जुन्या घरातला अंदाज उपयोगी पडत नाही.

पानशेतच्या बाजूच्या एका घरात पाहिलेलं सांगते. शेगडी फोटो दाखवून स्थानिक फॅब्रिकेटरकडून करून घेतली होती, आणि वेल्डिंग उत्तम होतं. तिच्यापासून वर चार इंची एकेरी जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पत्र्याचा, पाइप नेला होता. सीलिंगच्या प्लायला पाइपाच्या मापाचं भोक पाडून उरलेली फट सिलिकॉनने बुजवली होती. घरात कधीकधी जळकट वास येतो म्हणून मला बोलावलं होतं. आम्ही पॅनेल उतरवलं. भोकाच्या कडेने दोन बोटं रुंदीचं प्लाय पार काळं झालं होतं आणि हात लावताच त्याचा भुगा झाला. सिलिकॉन तडकून पडलं होतं. वरचा सागवानी वासा पाइपापासून वीतभरही दूर नव्हता आणि त्याच्या त्या बाजूला रंग बदलायला लागला होता. या खोलीवरच्या माळ्यावर मुलं झोपत होती.

असं का होतं, तेही लिहिते, कारण नियमाची गरज त्यातूनच कळते. शेगडी जोरात पेटली की एकेरी पाइपाचा पत्रा दोनशे-तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकतो. लाकूड साधारण २५० ते ३०० अंशांना पेट घेतं. पण वर्षानुवर्षं उष्णता सोसून कोळपलेलं लाकूड त्याहून बऱ्याच कमी तापमानालाही आतल्या आत धुमसू लागतं. म्हणजे पहिले दोन हिवाळे काही झालं नाही याचा अर्थ जोडणी सुरक्षित आहे असा होत नाही. उलट दर हिवाळ्याला धोका वाढत जातो.

जिथे पाइप छतातून किंवा भिंतीतून जातो तिथे उष्णतारोधक भरलेली दुहेरी नळी लागते, आणि तिच्या भोवती मोकळी जागा ठेवून ती जागा न पेटणाऱ्या पत्र्याने झाकावी लागते. हे काम फार खर्चिक नाही. ते करायचं असतं हेच माहीत नसतं. पाइप पन्हाळीच्या पाइपांच्या दुकानातून येतो, मग तो जीआयचा असतो. त्यावरचं जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि धुराड्यातली काजळी पेटली तर आतलं तापमान हजार अंशांच्या वर जातं. इथे स्टेनलेस स्टीलच हवं. शेगडीचं तोंड सहा इंची असेल तर पाइपही सहा इंचीच हवा. मिळाला नाही म्हणून चार इंची लावला की धूर कोंडतो आणि दार उघडताच खोलीत येतो.

सांध्याची गोष्टही अशीच. धूर वर जातो म्हणून खालचा पाइप वरच्यात घुसवला जातो. करायला हवं नेमकं उलट, वरच्या पाइपाचं टोक खालच्या पाइपात. कारण धुरातला डांबरट द्रव पाइपाच्या आतून खाली ओघळतो, आणि सांधा उलटा असेल तर तो बाहेर येऊन तापलेल्या पत्र्यावर, भिंतीवर, सीलिंगवर ठिबकतो. चांगल्या हाताच्या कारागिराला हे एकदा दाखवलं की तो जन्मभर विसरत नाही. मी दाखवते. पण एका वास्तुविशारदाने एकेका साइटवर दाखवून किती घरं सुरक्षित होणार?

आगीपेक्षा मला जास्त भीती वाटते ती कार्बन मोनॉक्साइडची. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक ओढीने चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पेंग येते. माणसाला वाटतं पित्त झालं असेल, आणि तो झोपून जातो. ज्वाळा विझून निखारे उरतात तेव्हा हा वायू भरपूर तयार होत असतो, आणि त्याच वेळी धुराडं थंड होऊन त्याची ओढही कमी झालेली असते. म्हणजे सगळे झोपतात तीच वेळ सर्वांत वाईट. त्यात स्वयंपाकघरात विजेची चिमणी चालू असेल तर ती घरातली हवा बाहेर फेकते आणि ती भरून काढायला शेगडीच्या धुराड्यातून धूर उलटा आत ओढला जातो. शेगडीला जळायला बाहेरची हवा मिळेल असा कायमचा झरोका खोलीत हवाच. थंडी येते म्हणून त्यात बोळा कोंबणारे लोक मी पाहिले आहेत. झरोका कशासाठी आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं.

हा प्रश्न फक्त फार्महाउसवाल्यांचा समजू नये, ही कळकळीची विनंती. तांब्याच्या बंबात पाणी तापवणारी घरं आजही आहेत, आणि कसब्यातल्या तांबट आळीत ज्यांच्या घराण्यांनी ही भांडी घडवली ते कारागीर आजही काम करतात. हौसेने जुना बंब कल्हई करून आणायचा आणि फ्लॅटच्या दार लावलेल्या बाथरूममध्ये पेटवायचा, हे जिवावर बेतणारं आहे. बंब मोरीत, पडवीत, परसात असायचा. आणि सोसायट्यांचे रखवालदार? पत्र्याच्या बंद केबिनमध्ये घमेल्यात कोळसे किंवा शटरिंगच्या प्लायचे तुकडे पेटवून ते रात्र काढतात. त्या प्लायच्या डिंकाचा आणि रंगाचा विषारी धूर त्यांच्या छातीत जातो आणि दाराखाली चादर सारली की मोनॉक्साइडही तिथेच साठतो. बांधकामांवरच्या मजुरांच्या खोल्यांतही हेच चालतं. त्यांना थंडीपासून सुरक्षित निवारा देण्याची जबाबदारी ज्यांच्यासाठी ते राबतात त्यांची आहे, आणि बंद जागेत उघडा विस्तव नको हे तिथे लेखी बंधन हवं.

इंग्लंडमध्ये बांधकाम नियमांचा एक भाग फक्त जळणाच्या उपकरणांसाठी आणि धुराड्यांसाठी आहे. घन इंधनाची नवी शेगडी बसवली की कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्र लावणं तिथे २०१० पासून सक्तीचं आहे. बसवणारा नोंदणीकृत असावा लागतो, नाहीतर स्थानिक प्रशासनाला आधी कळवावं लागतं. आणि घरात एक छोटी पट्टी लावतात, तिच्यावर धुराडं कोणत्या प्रकारचं, किती व्यासाचं, कधी बसवलं हे कोरलेलं असतं. घर विकलं, भाड्याने दिलं, तरी पुढच्या माणसाला ते वाचता येतं. अमेरिकेत रूढ असलेली मापंही साधी आहेत. प्रमाणित नसलेली शेगडी पेटणाऱ्या कुठल्याही वस्तूपासून तीन फूट दूर, एकेरी पाइप दीड फूट दूर. छतातून निघतं तिथून धुराडं किमान तीन फूट उंच आणि दहा फुटांच्या आतल्या घराच्या कुठल्याही भागापेक्षा दोन फूट वर. प्लायवर टाइल चिकटवली म्हणजे भिंत सुरक्षित झाली असं नाही, कारण टाइल तापते आणि मागचं प्लायही तापतं. पत्र्याची आड घालून तिच्यामागे इंचभर हवा खेळती ठेवावी लागते. आपल्याकडची हवा, पाऊस, बांधकाम पाहून यात बदल करता येतील. मुळशीच्या पावसात धुराड्याला टोपी आणि छताच्या सांध्याला पत्र्याची झालर हवीच, आणि पावसाळ्यानंतर पहिल्यांदा पेटवण्याआधी आत गांधीलमाश्यांचं पोळं किंवा पाखरांचं घरटं नाही ना, हे पाहायला हवं.

भारतीय मानक ब्यूरोचं सुवाह्य चुलींसाठी २०१३ चं मानक आहे. ते चुलीची कार्यक्षमता आणि तिच्यातून निघणारं प्रदूषण मोजतं. छतातून पाइप कसा न्यायचा हा त्याचा विषय नाही. १९८३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, देशभर लक्षावधी चुली बसवल्या गेल्या, आणि पुढे त्यातल्या कितीतरी धुराडी न साफ केल्याने, न दुरुस्त केल्याने निकामी झाल्या. आपल्या पुण्यातली ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट, म्हणजे आरती, सुधारित चुलींवर वर्षानुवर्षं काम करत आली आहे. जाणकार माणसं याच शहरात आहेत. त्यांना बोलावून, अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांना आणि दोन-चार अनुभवी फॅब्रिकेटरांना शेजारी बसवून, मराठीत एक पानभर नियम लिहून काढायला फार काळ लागणार नाही.

राज्याची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली आणि ती पुणे महानगरपालिका आणि पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, या दोन्हींच्या हद्दीत लागू आहे. हे पान तिला जोडावं. नकाशा मंजुरीच्या अर्जात एक ओळ असावी, या घरात घन इंधनाची शेगडी असणार आहे का. उत्तर होकारार्थी असेल तर धुराड्याचा उभा छेद नकाशात दाखवावा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागताना वास्तुविशारदाने तो तसाच झाल्याची सही करावी. माझ्या आजवरच्या कामात हा प्रश्न मला एकदाही विचारला गेला नाही. ही जबाबदारी माझ्यासारख्यांच्या खांद्यावर येईल, आणि ती यायलाच हवी. मोनॉक्साइडचं इशारायंत्र सक्तीचं करावं, धुराड्यापाशी पट्टी लावायला लावावी, आणि विकणाऱ्याने शेगडीबरोबर मराठीत जोडणीचा कागद दिल्याशिवाय ती विकू नये. आयटीआयमध्ये शीट मेटलचं शिक्षण आहेच. त्यात धुराड्याच्या जोडणीचा छोटा भाग घातला तर मुलांना एक कामही मिळेल. वर्षातून एकदा धुराडं साफ करून देणारा माणूस आज शोधून सापडत नाही.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण माझ्या मागणीचा वेगळा अर्थ काढला जाऊ नये. लाकडाच्या शेगड्या वाढाव्यात असं मला वाटत नाही. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेचं मानक न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत पुण्याचं नाव आहे, आणि हिवाळ्यात धूर जमिनीलगत साचून राहतो. दाट वस्तीत आणि फ्लॅटमध्ये या शेगडीला परवानगी असूच नये. मोकळ्या जागेतल्या घरात ती असेल, तर चांगली वाळलेली लाकडं जाळली जावीत. बाभूळ, सुबाभूळ, आंबा, जे असेल ते फोडून, छपराखाली रचून, पाण्याचं प्रमाण वीस टक्क्यांखाली येईपर्यंत ठेवलेलं. पावसाळ्यात तोडलेलं ओलं लाकूड दिवाळीला पेटवलं की उष्णता कमी, धूर जास्त, आणि धुराड्यात डांबरट काजळीचा थर. रात्रभर हवा बंद करून धुमसत ठेवलं तरी हेच होतं. हे सगळं त्या एका पानावर यावं. राखेबद्दलही यावं, कारण राखेत निखारे दोन-दोन दिवस जिवंत राहतात आणि लोक ती प्लॅस्टिकच्या बादलीत भरून लाकडी डेकवर ठेवतात. झाकणाचा पत्र्याचा डबा, घराबाहेर, फरशीवर, एवढंच लागतं.

आधीच बसलेल्या शेगड्यांचं काय, हाही प्रश्न आहे. त्यांच्यावर दंड लावायला सुरुवात केली तर लोक पाइप झाकून टाकतील आणि कुणाला दाखवणार नाहीत. त्याऐवजी एक हिवाळाभर विनामूल्य तपासणीची सोय करावी, आणि पाहणीला येणाऱ्याने पहिल्यांदा सीलिंगचं ते एक पॅनेल उतरवून पाहावं.

मुळशी-मावळात दिवाळीनंतर शेगड्या पेटू लागतात. त्याआधी एवढं पान आणि परिपत्रक निघावं, ही विनंती. मसुदा लागला तर मी आणि माझे सहकारी तो लिहून द्यायला तयार आहोत; आमच्याकडची मापं, छेदांची चित्रं आणि कोळपलेल्या प्लायचा जपून ठेवलेला तुकडा घेऊन आपण सांगाल त्या दिवशी मंत्रालयात येऊ.

आपली,
पुण्यातील एक वास्तुविशारद