मोबाइल इंटरनेटवरचा संगणक बाहेरून का सापडत नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुडाळ तालुक्यातल्या आमच्या गावच्या 'ड' वर्ग ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी ठेवणारा एक लिनक्सवरचा संगणक आहे. गावात अजून केबल आलेली नाही, त्यामुळे तो सिमकार्डच्या फोर-जी राउटरवर चालतो. नोंदींचा बॅकअप आणि लहानसहान दुरुस्ती मी डोंबिवलीहून एसएसएचने करावी असे ठरले. दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे आज्ञा देण्याची ही पद्धत १९९५ पासून जगभर वापरात आहे. पण जोडणी होईना. त्याचे कारण मोबाइल कंपनीच्या ग्राहक सेवेतून कोणीही सांगितले नाही. ते वाचकांपुढे यावे म्हणून हे पत्र.

ग्रंथपाल ताईंनी तिथल्याच वायफायवरून फोनने लॉगिन करून पाहिले, तर लगेच झाले. म्हणजे संगणकात दोष नव्हता. मला मात्र बराच वेळ थांबून 'टाइम आउट' मिळे. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आले असते तर पलीकडून कोणीतरी उत्तर देते आहे एवढे तरी कळले असते. इथे आपले पॅकेट, म्हणजे पाठवलेला माहितीचा तुकडा, वाटेतच नाहीसे होत होते. ग्राहक सेवेचा सल्ला एकच: राउटर रीस्टार्ट करा, एपीएन (सिमला इंटरनेटशी जोडणारी सेटिंग) तपासा.

खरे निदान राउटरच्या स्टेटस पानावर होते. तिथला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर यंत्र ओळखण्याचा क्रमांक, १००.७२ ने सुरू होत होता आणि इंटरनेटवर दिसणारा पत्ता वेगळाच होता. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये खास इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवला गेला. जुन्या (आयपीव्ही-४) पद्धतीचे पत्ते सुमारे ४३० कोटीच आहेत आणि मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून झाले. म्हणून मोबाइल कंपन्या एका सार्वजनिक पत्त्यामागे असंख्य ग्राहक बसवतात. कचेरीतल्या एका बोर्ड नंबरमागे अनेक एक्स्टेन्शन असावीत आणि बाहेरचा फोन जोडून द्यायला ऑपरेटरच नसावा, तशी ही व्यवस्था. आतून बाहेर जाता येते, बाहेरून आत येता येत नाही. आपल्या राउटरवर कितीही पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणारी जोडणी आतल्या ठरावीक संगणकाकडे वळवणे) केले तरी अडथळा त्याच्या पलीकडे, कंपनीच्या यंत्रणेत असतो.

यातून वाट आहे. ग्रंथालयाच्या संगणकानेच भाड्याच्या एका छोट्या सर्व्हरशी जोडणी करून ती उघडी ठेवायची आणि मी त्या सर्व्हरवरून तिच्यातूनच उलट आत जायचे. याला रिव्हर्स टनेल म्हणतात. पण मोबाइल नेटवर्क शांत पडलेली जोडणी गुपचूप तोडते, म्हणून दर ३० सेकंदांनी जिवंतपणाची खूण पाठवावी लागते. आमच्याकडे पावसाळ्यात वीज वरचेवर जाते. संगणक पुन्हा सुरू होतो, पण सर्व्हरला जुनी जोडणी मेल्याचे कळलेले नसते. ती सर्व्हरवरचे पोर्ट, म्हणजे जोडणीचे ठरलेले दार, धरून बसते आणि नव्या जोडणीला जागा मिळत नाही. त्यामुळे तशीच तपासणी सर्व्हरच्या बाजूनेही लावावी लागते, आणि पोर्ट न मिळाल्यास टनेलने स्वतःहून बंद होऊन पुन्हा प्रयत्न करावा अशी सोयही. पासवर्डने लॉगिन पूर्ण बंद ठेवून फक्त किल्लीवर, म्हणजे संगणकात साठवलेल्या गुप्त फाइलवर, विसंबावे. उघड्या सर्व्हरवर पासवर्ड ओळखून शिरण्याचे प्रयत्न अखंड चालू असतात.

हे सगळे आता नीट चालते. तरी माझी तक्रार कायम आहे. आयपीव्ही-६ ही नवी पत्तापद्धत १९९८ पासून तयार आहे, दूरसंचार विभागाने तिचा राष्ट्रीय आराखडा जुलै २०१० मध्येच आणला आणि आमच्या सिमवर तसा पत्ता मिळतोही. पण त्यावरही बाहेरून येणारी जोडणी कंपनी अडवते. सर्वसामान्य ग्राहकाच्या सुरक्षिततेसाठी ते अडवणे रास्त आहे, हे मला मान्य आहे. मात्र ज्याला समजून-उमजून हवे आहे त्याला आपल्या जबाबदारीवर ते उघडण्याची मुभा का नसावी? ती नाही म्हणून देवळातला कॅमेरा असो की छपरावरच्या सोलर इन्व्हर्टरचे मीटर, सिमवर चालणारे आपले यंत्र आपल्याच घरून पाहायलाही दुसऱ्याच्या सर्व्हरमधून जावे लागते. त्या सर्व्हरच्या मालकाने सेवा थांबवली की आपल्या हाती काही उरत नाही.

या जोडणीला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता नाही आणि बाहेरून तिच्यावर येता येणार नाही, एवढे सिम किंवा राउटर विकतानाच मराठीत लिहून द्यावे. वाजवी जादा शुल्कात उघडा आयपीव्ही-६ पत्ता निदान ग्रंथालये, शाळा आणि ग्रामपंचायतींना द्यावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने तसे निर्देश द्यावेत, अशी माझी विनंती आहे. गावातल्या छोट्या ग्रंथालयाच्या तुटपुंज्या अनुदानात भाड्याच्या सर्व्हरचा दरमहाचा खर्च बसत नाही. सध्या तो मी भरतो, पण सगळ्याच ग्रंथालयांना असा कोणी मिळेल असे नाही.

आपला,
एक वाचक, डोंबिवली