जिरोनाच्या तटावर भेटलेल्या त्या दोघांचे आभार

स्पेनमधल्या जिरोनात जुन्या शहराच्या तटबंदीवरून चालता येतं. प्लासा दे कातालुन्याजवळून चढायचं आणि कॅथेड्रलच्या मागे उतरायचं. मधे उतरायच्या वाटा मात्र मोजक्या, सावली नावापुरती, बुरुजांचे जिने अरुंद. अशाच एका जिन्यावर आमच्या मावशींचा पाय मुरगळला.

मागून येणाऱ्या एका स्थानिक जोडप्याने त्यांना आधी नीट बसवलं. बूट काढू दिला नाही, कारण सूज चढली की तो परत पायात जात नाही. फक्त नाडी सैल केली, गळ्यातला रुमाल बुटावरूनच घोट्याभोवती आठच्या आकड्यासारखा बांधला आणि फार आवळला नाही ना, हे अधूनमधून विचारत राहिले. मग तो कमी पायऱ्यांची वाट बघून आला. तोवर ती मावशींवर छत्री धरून उभी होती. त्यांनीच ११२ला फोन करून कातालान या तिथल्या भाषेत नेमकी जागा सांगितली आणि रुग्णवाहिका येईपर्यंत हलले नाहीत.

दोघांनाही मनापासून धन्यवाद. हाड शाबूत आहे. कॅथेड्रलचा सुमारे २३ मीटर रुंदीचा मंडप, गॉथिक वास्तूंमधला जगातला सर्वांत रुंद, मावशींनी नंतर काठी टेकत का होईना, डोळे भरून पाहिला.