ती वही

सांगली,
रविवार सकाळ

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी "साडेपाच वर्षं पाण्यात घालणार का?" म्हणालो आणि तू फोन ठेवलास. तेव्हापासून तुझी आई माझ्याशी कामापुरतंच बोलते. चहा मिळतो, पण कप आपटून. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून हे पत्र.

सरकारी दवाखान्यातलं बाँडचं सक्तीचं वर्ष संपलं की परराष्ट्र सेवेसाठी परीक्षा द्यायची, असं तू म्हणालीस. मी म्हटलं, डॉक्टरने वकिलातीत शिक्के मारत बसायचं का? त्या रात्री झोप लागेना, म्हणून वाचनालयातून आणलेला कथासंग्रह उघडला. त्यात एक गोष्ट होती. एक साधासुधा संसारी बाप होडी करवून घेतो आणि नदीत जाऊन राहतो. पलीकडे जात नाही, परतही येत नाही. मुलगा काठावर त्याच्यासाठी खाणं ठेवत राहतो. लेखक ब्राझीलचा, जुआंव गिमाराइंस रोझा. (तिकडे म्हणे शब्दाच्या सुरुवातीच्या 'र'चा 'ह' होतो. आपण रोझाच म्हणू.) माहिती वाचतो तर काय, हा गृहस्थ आधी डॉक्टर, मग राजनैतिक अधिकारी! हे पुस्तक तूच कुणाकरवी माझ्या हाती दिलंस की काय, असं वाटून गेलं.

जन्म 1908 चा, मिनास जेराइस प्रांतातल्या कॉर्डिसबुर्गो या छोट्या गावचा. वडिलांचं दुकान. 1930 मध्ये डॉक्टर झाला आणि इटागुआरा नावाच्या आडगावात घोड्यावरून रोगी बघत हिंडला. पण मन रमेना. मित्राला त्याने लिहिलं की हे काम माझ्यासाठी नाही, मी बुद्धिबळ खेळणारा माणूस, फुटबॉल मला कधी जमला नाही. 1934 मध्ये परराष्ट्र खात्याची परीक्षा दिली आणि दुसरा आला. ('पहिला का नाही?' हा माझा प्रश्न तुझ्या कानात वाजला असेलच.)

1938 मध्ये त्याची नेमणूक झाली हॅम्बुर्गच्या वकिलातीत, म्हणजे थेट हिटलरच्या जर्मनीत. मी ज्याला 'शिक्के मारणं' म्हणालो ना, तेच काम तिथे कसं होतं बघ. ज्यूंना व्हिसा देऊ नये, असं ब्राझील सरकारचं गुप्त परिपत्रक होतं. पासपोर्ट विभागातली आरासी द कार्वाल्यु ही बाई व्हिसाचे ते कागद इतर कागदांत सरकवून वरिष्ठांच्या सह्या घ्यायची. एकेका शिक्क्यावर एकेक कुटुंब जहाजात चढत होतं. तिच्याशी रोझाने पुढे संसार केला. 1942 मध्ये दोन्ही देशांचे संबंध तुटले, तेव्हा ब्राझीलच्या या मंडळींना काही महिने बाडेन-बाडेनला अडकवून ठेवलं होतं. 1982 मध्ये इस्रायलच्या याद वाशेमने, म्हणजे ज्यूंच्या नरसंहाराची आठवण जपणाऱ्या संस्थेने, आरासीचा सन्मान केला. त्याआधी कितीतरी वर्षं, 1956 च्या आपल्या मोठ्या कादंबरीच्या अर्पणपत्रिकेत रोझाने लिहून ठेवलं होतं की हे पुस्तक तिचं आहे.

आता तुझ्या कामाची गोष्ट. 1946 च्या त्याच्या पहिल्या पुस्तकात 'सारापाल्या' नावाची कथा आहे. हिवतापाने ओस पडलेलं नदीकाठचं गाव, मागे राहिलेले दोन भाऊबंद उन्हात बसून कुडकुडताहेत. ताप कुणाला केव्हा चढणार, हे दोघांनाही पाठ. एकाची बायको कधीच निघून गेलेली. दुसरा कबूल करतो की माझंही तिच्यावर मन होतं, आणि पहिला त्याला त्याच तापात घराबाहेर काढतो. सई, असा थरकाप ज्याने कधी खाटेशेजारी बसून पाहिलेला नाही, त्याला हे लिहिता येईल का गं? त्याची डॉक्टरकी वाया गेली, असं मी तरी आता म्हणणार नाही.

1952 मध्ये, चांगला मोठा अधिकारी झाल्यावर, हा माणूस गुराख्यांबरोबर गुरांचा तांडा घेऊन दहा दिवस माळरानातून गेला. दोरीने वही गळ्यात अडकवलेली. खेचरावर बसल्या बसल्या गुराख्यांचे शब्द, पाखरांची नावं, गुरांचे रंग टिपत होता. परदेशी भाषा तर किती शिकला! संस्कृतचं व्याकरणही चाळलेलं.

तेव्हा मला तुझी ती निळी वही आठवली. दिवाळीत आली होतीस तेव्हा दाखवत होतीस. धडगावकडचे पेशंट दुखण्याला काय म्हणतात, कळ वेगळी, ठणका वेगळा, हे त्यांच्या पावरी बोलीत लिहून ठेवलेलं. मी म्हणालो होतो, "याने काय पीजी मिळणार आहे?" तुझा चेहरा उतरला होता. मी तो पाहिला आणि पेपर वर धरला.

ती वही पुन्हा बघायची आहे मला. या खेपेला चष्मा लावून, नीट.

परीक्षेच्या फॉर्मची फी मी भरणार, असं काल रात्री आईला रुबाबात सांगितलं. ती म्हणाली, "मुलींना फी माफ असते." मग मी डिंकाचे लाडू कुरिअर केले. मिळाले की फोन कर. आधी आईलाच कर.

तुझा,
बाबा