पिकासोच्या तीन डान्सर्सबद्दल

प्रिय अनू,

चित्राचा फोटो पाहून तू विचारलंस, "या बायका अशा मोडक्यातोडक्या का, काढणाऱ्याने कधी नाच बघितला नव्हता का?" हे फक्त तूच विचारू शकतेस बाई! मेसेजमध्ये मावणार नाही म्हणून पत्रच लिहितेय, निवांत वाच.

ते पिकासोचं 'थ्री डान्सर्स', १९२५ चं. इथे लंडनला टेट या म्युझियमच्या संग्रहात आहे आणि मोबाईलवर कळत नाही पण चांगलं सात फूट उंच आहे, मान वर करूनच बघावं लागतं. डावीकडची बघ, अंग असं मागे टाकलंय की डोकं पार आडवं झालंय, तोंड वासलेलं, दात दिसतायत, छाती आहे की डोळा आहे तेच कळत नाही. मधली दोन्ही हात वर ताणून उभी, सगळ्यांना क्रुसावरचा येशू आठवतो, मलाही आठवला. आणि उजवीकडचीच्या मागे एक काळी सावली आहे, नाक-हनुवटी नीट दिसते बघ. चित्र चालू असतानाच त्याचा जुना मित्र रामोन पिचोत गेला, आणि पुढे पिकासोने त्याचा चरित्रकार रोलंड पेनरोजला सांगितलं की याचं नाव खरं तर 'पिचोतचा मृत्यू' असायला हवं. म्हणजे बायका नाचतायत आणि मागे मेलेला मित्र उभा आहे, हे कळल्यावर माझी तर बघायची नजरच बदलली.

आता तुझा प्रश्न. अगं, नाच त्याच्या घरातच होता! बायको ओल्गा ही दियागिलेवच्या 'बॅले रूस' या बॅले कंपनीतली डान्सर, आणि १९२५ च्याच वसंतात दोघं माँटे कार्लोला या कंपनीबरोबर होते. तिथे त्याने प्रॅक्टिस करणाऱ्या, दमून बसलेल्या डान्सर्सची रेखाटनं केली, इतकी साधी स्वच्छ रेघ, एक हाड चुकलेलं नाही. त्याच हाताने त्याच सुमारास हे काढलंय. लोक म्हणतात ओल्गाशी बिनसलेलं त्याचा राग काढला, असेलही, पण मला ते गॉसिप वाटतं. मला वाटतं रेखाटनांत नाच बाहेरून दिसतो आणि इथे आतून. तूच म्हणतेस ना, अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसायच्या त्या भरतनाट्यमच्या पोझमध्ये, बराच वेळ बसलं की गुडघे कुठे, कंबर कुठे काही कळत नाही, नुसती मांडीच उरते? मग मांडीच मोठी काढायची ना, बाकीचं जाऊ दे!

गंमत पुढे आहे. सर्रिअलिस्टांचा, म्हणजे स्वप्नांतलं, मनाच्या तळातलं कलेत आणणाऱ्यांचा, म्होरक्या आंद्रे ब्रेताँ, त्याने जुलै १९२५ मध्ये हेच चित्र स्वतःच्या मासिकात कौतुकाने छापलं, आणि पुढच्याच मे महिन्यात त्याच्याच कंपूतल्या मिरो आणि माक्स एर्न्स्ट या चित्रकारांनी बॅले रूसच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'साठी काम केलं तर हा ब्रेताँ कवी आरागाँला घेऊन निषेधाची पत्रकं काढतो, भर थिएटरात राडा! का, तर श्रीमंतांच्या करमणुकीला हातभार लावला. पिकासो तर कितीतरी वर्षं बॅलेसाठी पडदे आणि कॉस्च्युम करत होता, पण त्याला सगळं माफ.

पुढे सर्रिअलिस्ट चित्रकार दालीनेही १९३९ मध्ये न्यूयॉर्कला 'बाकानाल' या बॅलेसाठी काम केलं, पडद्यावर प्रचंड हंस, त्याच्या छातीला भोक आणि त्यातून डान्सर्स बाहेर येणार. फोटो भारी आहेत, पण तिथे नाचणारा माणूस म्हणजे नुसतं स्टेजवरचं सामान वाटतो, मला काही पटत नाही. पिकासोच्या या तिघी मोडल्या तरी नाचतायत.

अजून एक, जवळ गेलं की रंगाला मोठमोठे तडे दिसतात. १९६५ मध्ये टेटला चित्र विकलं तेव्हा ते तडे बुजवू नयेत असंच पिकासोचं म्हणणं होतं, म्हणून तसेच आहेत.

आता माझं एक काम कर. डावीकडचीची पोझ करून बघू नकोस, तुझी पाठ आधीच दुखतेय, पण नीट बघून सांग, तिचं वजन नक्की कुठल्या पायावर आहे? मला अजून लागलेलं नाही. तुझ्या नाचाच्या बाईंनाही दाखव, त्या काय म्हणतात ते कळव.

तुझीच,
मेघा