डेंग्यूचा खर्च कोणत्या वहीत लिहायचा? अर्थमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय अर्थमंत्री,
भारत सरकार

महोदया,

स. न. वि. वि.

डेंग्यूविषयीचे पत्र आरोग्यमंत्र्यांना लिहितात हे मला ठाऊक आहे. तरी ते मुद्दाम आपल्याला लिहितो आहे. मी छोटे दुकानदार आणि वर्कशॉपवाले यांचे जमाखर्च लिहितो. दरवर्षी गणपती गेले की दिवाळीपर्यंत या वह्यांत एक गोष्ट हमखास दिसते: कामगारांची उचल वाढते. विचारले की उत्तर ठरलेले, "घरात डेंग्यू झालाय." वहीत ती रक्कम 'कामगार उचल' म्हणून पडते, डेंग्यूचे नाव कुठे येत नाही. देशाच्या वहीतही ते असेच येत नाही, आणि म्हणूनच डासांवर आधी खर्च करणे सरकारला महाग वाटते, असे माझे म्हणणे आहे.

नोंद होतच नाही असे नाही. राष्ट्रीय कीटकजन्य रोग नियंत्रण केंद्राकडे २०१५ साली सुमारे एक लाख रुग्णांची नोंद होती, २०२३ मध्ये ती २,८९,२३५ वर गेली आणि ४८५ जण दगावले. पण ही नोंद कोणाची होते ते पाहा. एलायझा या प्रयोगशाळेतल्या रक्तचाचणीत डेंग्यू निघालेला रुग्णच सरकारी मोजणीत धरतात. गल्लीतल्या दवाखान्यात कार्ड टेस्ट, म्हणजे पट्टीवरची झटपट तपासणी केली, दोन सलाईन लावली, माणूस घरी गेला, तर तो कुठेच लागत नाही.

२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने ही तफावत मोजायचा प्रयत्न केला. अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठाचे संशोधक आणि आपल्याकडचे मदुराईचे शास्त्रज्ञ त्यात होते. २००६ ते २०१२ या काळात नोंदीत दरवर्षी सरासरी २०,४७४ रुग्ण होते. त्यांच्या अंदाजाने प्रत्यक्षातला आकडा ५७ लाखांच्या वर होता, म्हणजे २८२ पट. उपचारांचा थेट खर्च वर्षाला ५४.८ कोटी डॉलर. येण्याजाण्याचा खर्च, बुडालेला रोजगार वगैरे धरला तर एकूण १११ कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे सहा हजार कोटी रुपये. उपचारांच्या खर्चातला ८० टक्के पैसा खासगी दवाखान्यांत गेला होता. हा अंदाज आहे आणि त्यावर वाद घालता येईल. एका जिल्ह्याच्या तपशिलावरून देशाचा आकडा काढताना बरेच काही गृहीत धरावे लागते. पण अगदी निम्मा धरला तरी तो आपल्या कोणत्याही कागदावर नाही. शिवाय तो जुना आहे, त्यानंतर नोंदलेले रुग्णच कित्येक पटींनी वाढले आहेत.

या आकड्यांत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे: दवाखान्यात जेवढे गेले, जवळपास तेवढेच दवाखान्याबाहेर गेले. हे 'बाहेर' म्हणजे काय, ते एका फाइलवरून सांगतो.

एका वर्कशॉपमधल्या वेल्डरने उचलीचे हप्ते कसे पाडायचे हे ठरवायला आपली फाइल माझ्यापुढे ठेवली. वर डॉक्टरांची चिठ्ठी. खाली रोजचे सीबीसीचे, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचे रिपोर्ट, प्रत्येकावर प्लेटलेटच्या आकड्याभोवती लाल पेनाने गोल. मेडिकलची बिले त्या गुळगुळीत कागदावरची, अर्ध्यांची शाई उडालेली. पैसे कुठून आले तेही मागच्या कोऱ्या पानावर लिहिले होते: थोडे भिशीतून, थोडे मेव्हण्याकडून, बाकी बायकोच्या बांगड्या ठेवून. रिक्षाचे, शहाळ्यांचे, कुणीतरी सांगितले म्हणून आणलेल्या किवीचे बिल अर्थातच नव्हते. बायको डबे करून देते, ते बंद पडले, त्यातली दोन गिऱ्हाइके परत आलीच नाहीत. तापानंतर अंग एवढे गळाले होते की कामावर आल्यावरही कितीतरी दिवस त्याला वेल्डिंगची मशीन उचलवत नव्हती. तो अर्धा रोज कोणत्या रकान्यात टाकणार?

आणि डिस्चार्ज कार्डावरचे निदान? 'व्हायरल फीव्हर विथ थ्रॉम्बोसायटोपेनिया.' म्हणजे ताप आला आणि प्लेटलेट कमी झाल्या. डेंग्यू हा शब्दच नाही. आरोग्य खात्याच्या लेखी या माणसाला डेंग्यू झालाच नाही.

आपण म्हणाल, आयुष्मान भारत आहे, कुटुंबाला पाच लाखांचे संरक्षण आहे. आहे, आणि मोठ्या आजारात ते उपयोगी पडते हे मी पाहिले आहे. लोकांच्या खिशातून जाणारा आरोग्यखर्च २०१३-१४ मध्ये एकूण खर्चाच्या ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला, याचेही श्रेय द्यायला हवे. पण ती योजना दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. डेंग्यूचे बहुसंख्य रुग्ण दाखल न होताच बरे होतात, त्याच अभ्यासानुसार तीनातले दोन. त्यांच्या तपासण्या आणि बुडालेला रोज योजनेत बसत नाही. ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा असलेल्या कामगाराला आजारपणात ७० टक्के मजुरी मिळते, पण दहापेक्षा कमी माणसांच्या वर्कशॉपला सहसा ईएसआयची सक्ती नाही. आमचा वेल्डर अशाच ठिकाणी आहे.

प्लेटलेटबद्दल थोडे विषयांतर करतो, कारण त्यात पैसा वाया जातो. रक्तस्राव नसताना केवळ आकडा घसरला म्हणून प्लेटलेट देण्याचा फायदा होत नाही, हे सिंगापूर आणि मलेशियातल्या चाचणीने दाखवले. २०१७ मध्ये ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. डेंग्यूत खरा धोका असतो रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपण्याचा, तोही बहुधा ताप उतरताना, आणि खरा उपचार म्हणजे वेळेवर, मोजून दिलेले पाणी आणि सलाईन. पण नातेवाईक लाल गोलातल्या आकड्याकडे बघत असतात, दवाखान्याला ते सोयीचे पडते, आणि प्लेटलेटची दहा हजार रुपयांवरची एक पिशवी मागवली जाते. उपचारांची मार्गदर्शक सूचना केंद्राची आहे. ती पाळली जाते का हे विमा योजनेच्या बिलांवरून तरी तपासता येईल.

आता डासाकडे येतो. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा गटारातला डास नव्हे. त्याला स्वच्छ साठलेले पाणी लागते: पिंप, कूलर, कुंडीखालची ताटली, बांधकामावरचा लिफ्टचा खड्डा. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या आतल्या कडेला. ती कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी चढले की उबतात. म्हणून आठवड्यातून एकदा पाणी रिकामे करायचा 'कोरडा दिवस' पाळताना पिंप नुसते उलटे करून भागत नाही, कडा घासाव्या लागतात. पण लोक पिंपे भरतात कशासाठी? नळाला रोज पाणी येत नाही म्हणून. दोन दिवसांआड पाणी सोडणाऱ्या शहरात घरोघरी पिंपे असणारच, आणि वर त्याच घरांना अळ्या सापडल्या म्हणून दंडाची नोटीस. २०२१ मध्ये ओडिशातल्या पुरीने चोवीस तास पिण्यायोग्य पाणी नळातून देऊन दाखवले, म्हणजे हे अशक्य कोटीतले नाही. नळजोडणीची संख्या अर्थसंकल्पात अभिमानाने येते. त्या नळाला किती तास पाणी येते हे विचारले, तर तोच प्रश्न डेंग्यूचाही ठरेल.

दुसरा खर्च माणसांचा. घरोघरी जाऊन अळ्या शोधणारे कर्मचारी बहुतेक ठिकाणी हंगामी किंवा कंत्राटी असतात. पावसाळा लागल्यावर भरती, थंडी पडल्यावर सुट्टी. ज्याला कोणत्या इमारतीच्या गच्चीवरची टाकी उघडी असते हे तोंडपाठ झाले, तो पुढच्या वर्षी असेलच असे नाही. त्याऐवजी धूर होतो. धूरफवारणीने उडणारे डास तेवढे मरतात, तेही घराबाहेरचे. हा डास विसावतो घरात, कपाटामागे, लटकवलेल्या कपड्यांत, आणि पिंपातल्या अळीला तर धूर शिवतही नाही. पण धूर दिसतो, त्याचा फोटो येतो. अळी दिसत नाही, आणि न झालेला डेंग्यू तर मुळीच दिसत नाही.

हात आखडता घेतला की काय होते हे या देशाने हिवतापात पाहिले आहे. १९४७ मध्ये वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि साठच्या दशकाच्या मध्यावर रुग्ण एक लाखावर आले. मग औषधांना न जुमानणारे डास, अपुरा पुरवठा आणि सैलावलेले लक्ष, सगळे एकत्र आले. १९७६ मध्ये आकडा ६४ लाखांवर गेला. डेंग्यूत तर हिशेब आणखी वाईट आहे. विषाणूचे चार प्रकार आहेत. एकाने आजारी पडून उठलेला माणूस उरलेल्या तिघांपासून सुटत नाही, आणि दुसऱ्या खेपेला आजार गंभीर होण्याची शक्यता जास्त.

नव्या वाटाही आहेत. इंडोनेशियातल्या योग्यकार्ता शहरात डासात डेंग्यूचा विषाणू वाढू न देणारा वोल्बाकिया जिवाणू असलेले डास सोडल्यावर डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी झाला. पुद्दुचेरीच्या आपल्या संशोधन केंद्राने तसे डास २०२२ मध्येच तयार केले आहेत. देशी लसीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी २०२४ मध्ये सुरू झाली. हे सगळे परवडते की नाही, हे ठरवायला आधी डेंग्यू किती महाग पडतो हे माहीत हवे, आणि तेच तर मोजलेले नाही.

म्हणून मागणे फार नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या आरोग्यविषयक फेरीत डेंग्यूचा घरखर्च आणि बुडालेली मजुरी वेगळी काढता येईल, अशी सोय सांख्यिकी मंत्रालयाकडून करून घ्यावी. खासगी दवाखान्यांतल्या कार्ड टेस्टमध्ये डेंग्यू निघालेल्या रुग्णांची 'संशयित' म्हणून का होईना, पण वेगळी नोंद व्हावी. अळ्या शोधणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी राज्यांना दिला जाणारा पैसा बारा महिन्यांच्या नेमणुकीच्या अटीवर द्यावा आणि तो जूनच्या आत पोहोचावा. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणच्या माणसाला आजारपणातल्या मजुरीचा काही भाग मिळेल अशी तरतूद सुरुवातीला एखाद्या जिल्ह्यात तरी करून पाहावी.

आपल्या मंत्रालयात पुढच्या अर्थसंकल्पाच्या बैठका साधारण ऑक्टोबरात सुरू होतात. डेंग्यूचा जोरही तेव्हाच असतो. त्या बैठकांत आरोग्य खात्याकडून मागण्यांबरोबर या खर्चाचा अंदाजही मागवून घ्यावा, ही विनंती.

आपला,
जमाखर्च लिहिणारा एक करदाता