पालकत्व छायाचित्राविना

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या शहर पुरवणीत गेल्या आठवड्यात ‘कुष्ठरुग्णांची मुले घेतली दत्तक’ या मथळ्याखाली एक बातमी आणि सोबत मोठे रंगीत छायाचित्र प्रसिद्ध झाले. मागे फलक, खुर्च्यांवर मान्यवर आणि त्यांच्या पुढ्यात सतरंजीवर बसवलेली मुले, प्रत्येकाच्या मांडीवर नवे दप्तर. ज्या मंडळींनी ही मदत केली त्यांच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही. वर्षभराच्या वह्या, गणवेश, बसपास आणि शिकवणीचे शुल्क यांचा भार उचलणे ही लहान गोष्ट नव्हे. माझा आक्षेप मथळ्याला आणि छायाचित्राला आहे. तो नोंदवण्याचा थोडाफार अधिकार मला आहे असे मी समजतो, कारण असे एक छायाचित्र काही वर्षांपूर्वी मीही काढवून घेतले होते.

मी विदर्भातील एका शाळेत गणित शिकवत असे. शाळेपासून हाकेच्या अंतरावर कुष्ठमुक्तांची वसाहत होती आणि तेथील मुले आमच्याकडे येत. आम्ही काही शिक्षक व मित्रांनी मिळून दरमहा ठरावीक रक्कम बाजूला काढून त्यांतील काही मुलांचे शैक्षणिक पालकत्व घेतले आणि पहिल्याच वर्षी, जून महिन्यात, साहित्यवाटपाचा रीतसर कार्यक्रम केला. फलकावरचा मजकूर मीच लिहून दिला होता. छायाचित्राच्या वेळी सातवीतल्या एका मुलाने नवी वही तोंडासमोर धरली, ती खाली घे म्हणून मी त्याला दटावले. छायाचित्र छापून आले. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मधल्या सुट्टीत तो मुलगा व्हरांड्याच्या टोकाला एकटाच डबा खात बसलेला दिसला. आपण ‘नाक्यापलीकडे’ राहतो, एवढेच त्याने वर्गात तोवर सांगितले होते आणि त्याच्या बाकावरच्या मुलाच्या घरी नेमके तेच वर्तमानपत्र येत होते.

त्या संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने ते कात्रण कणकेच्या खळीने टिनाच्या भिंतीवर चिकटवले होते आणि मला पाहताच मोठ्या कौतुकाने दाखवले. त्यातला मुलाचा चेहरा तेवढा खरवडून काढलेला होता. उंदरांनी कुरतडले असावे, असे ती माउली म्हणाली. मी काही बोललो नाही.

ज्या बाईला आपण ‘कुष्ठरुग्ण’ म्हणून फलकावर चढवले, तिचे औषध त्या मुलाच्या जन्मापूर्वीच पुरे झाले होते. हा आजार एका जिवाणूमुळे होतो, हे नॉर्वेच्या हॅन्सनने १८७३ मध्येच दाखवून दिले. १९८१ पासून जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेली बहुविध औषधोपचार पद्धती आज सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते आणि आजाराच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांत उपचार पूर्ण होतो. औषध सुरू झाल्यावर थोड्याच काळात त्या व्यक्तीपासून इतरांना लागण होण्याची शक्यता संपते. आजार आनुवंशिक नाही आणि बहुतेक माणसांच्या शरीरात त्याच्याविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते. वाकडी झालेली बोटे मात्र जिवाणू मेल्यानंतरही तशीच राहतात, कारण ती मज्जातंतूंना झालेल्या इजेची खूण असते, आणि आपण नेमकी ती खूण पाहून माणसाला आयुष्यभर रुग्ण ठरवतो. म्हणजे जी आई रुग्ण राहिलेली नाही, तिचे नाव रुग्ण म्हणून जे मूल कधी रुग्ण नव्हतेच त्याच्या गळ्यात आपण अडकवले, आणि तेही दप्तर देता देता.

कायद्याने याबाबतीत उशिरा का होईना, आपली भाषा सुधारली आहे. कुष्ठरुग्णांना वेगळे डांबून ठेवण्याची तरतूद असलेला १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘कुष्ठमुक्त व्यक्ती’ असा स्वतंत्र उल्लेख आला आणि २०१९ मध्ये कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून व्यक्तिगत कायद्यांतून वगळण्यात आले. फलक रंगवणाऱ्यांपर्यंत आणि मथळे देणाऱ्यांपर्यंत हे अजून पोहोचायचे आहे.

‘दत्तक’ या शब्दाविषयीही थोडे लिहिले पाहिजे. आपल्याकडे ‘दत्तक पालक योजना’ हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की त्यात काही खटकत नाही. परंतु या मुलांना आई-वडील आहेत, बहुतेकांना ते हवेही आहेत. या शब्दामागे एक जुना इतिहास आहे, याची आठवण ठेवलेली बरी. १८७४ मध्ये स्थापन झालेल्या लेप्रसी मिशनने भारतात कुष्ठधामे चालवली, तेव्हा रुग्णांच्या निरोगी मुलांसाठी वेगळी वसतिगृहे काढली होती आणि समुद्रापलीकडचे देणगीदार त्यांच्यासाठी पैसे पाठवत. हाती औषध नव्हते, जवळच्या दीर्घ सहवासातून लागण होण्याचे भय खरे होते, म्हणून मूल आईपासून दूर करण्याला त्या काळी वैद्यकीय कारण होते. आता ते कारण उरले नाही, पण सवय मात्र उरली आहे. ‘मुलाला आमच्या वसतिगृहात पाठवा, तर सगळा खर्च करू’, अशी अट घालणारे देणगीदार मी स्वतः पाहिले आहेत. आई-वडील महिनोन्‌महिने तीर्थक्षेत्री मागत फिरत असतील, घरात दारूचा उपद्रव असेल, तर वसतिगृह हा दिलासाच असतो. मी सरसकट विरोध करीत नाही. परंतु जेथे आई रात्री मुलाची वाट पाहत जागी राहते, तेथून त्याला दोन जिल्हे ओलांडून नेण्यापेक्षा तीच रक्कम घरी दिली तर मूल शाळेतही राहते आणि घरातही. कुटुंबातील सर्वांची तपासणी झाली आहे का, एवढे आरोग्य केंद्रात विचारून घ्यावे. रुग्णाच्या सहवासातील निरोगी व्यक्तींना रिफॅम्पिसिनची एक प्रतिबंधक मात्रा देण्याची सोयही आता झालेली आहे.

महाराष्ट्राला तर याचा उलटा धडा फार पूर्वी मिळाला होता. मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केले, शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीत तपोवन उभे केले आणि बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली, हे आपले वाचक जाणतातच. मला त्यातली एक गोष्ट विशेष वाटते. १९६० च्या दशकात आनंदवनात महाविद्यालये उघडली तेव्हा वरोऱ्याच्या परिसरातील मुले शिकण्यासाठी तेथे जाऊ लागली. जी सीमा गावकरी ओलांडत नव्हते, ती त्यांच्याच मुलांनी वह्या-पुस्तके घेऊन रोज ओलांडली. वसाहतीतल्या मुलाला बाहेर काढून ‘वाचवण्या’पेक्षा ही रीत मला अधिक शहाणपणाची वाटते.

आता पैशांविषयी. राज्य सरकारच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत कुष्ठरोगाने बाधित पालकांच्या मुलांचा समावेश आहे आणि २०२३ मध्ये तिची रक्कम दरमहा २,२५० रुपये करण्यात आली. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधील प्रायोजकत्वाची रक्कम दरमहा ४,००० रुपये आहे. अडचण असते ती या रकमेपर्यंत पोहोचण्याची. उत्पन्नाचा दाखला, शाळेचे बोनाफाईड, पालकाचे वैद्यकीय प्रमाणपत्र, बँकेचे खाते, गृहभेटीचा अहवाल आणि अखेरीस बालकल्याण समितीचा आदेश, हा प्रवास रोजंदारी बुडवून करावा लागतो.

एका मुलीच्या आईबरोबर मी एका बँकेत गेलो होतो, तो प्रसंग सांगतो. तिच्या हातांना संवेदना नाही. तव्यावरची भाकरी उलटताना चटका बसला तरी कळत नाही आणि वर्षानुवर्षांच्या अशा चटक्यांनी उरलेल्या अंगठ्यावरच्या रेषा पुसल्या गेल्या आहेत. यंत्रावर अंगठा उमटेना. खिडकीमागच्या गृहस्थांनी तिला अंगठा ओल्या फडक्याने पुसून पुन्हा लावायला सांगितले, मग दुसऱ्या दिवशी बोलावले, मग सोमवारी. यंत्रावरचा तिचा हात लागलेला भाग तिच्यासमोरच कापसाने पुसला गेला, तेही तिने पाहिले. तिसऱ्या खेपेस एका तरुण कर्मचाऱ्याने डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटवण्याची सोय आधारमध्ये असल्याचे सांगितले आणि काम दहा मिनिटांत झाले. ज्यांना या मुलांसाठी काही करायचे आहे, परंतु हाताशी फारसा पैसा नाही, त्यांनी अशा तीन फेऱ्या केल्या तरी एका मुलाचे वर्ष मार्गी लागते. माझ्या मते ही मदत वह्यावाटपाहून मोठी आहे, जरी तिचे छायाचित्र चांगले येत नाही.

दुसरी अडचण वयाची. सरकारी मदत अठरा वर्षांपर्यंत, आणि देणगीदारांचा उत्साह साधारण दहावीपर्यंत. पहिलीतल्या दोन वेण्यांच्या मुलीला एका आठवड्यात पालक मिळतो. आयटीआयला गेलेल्या, मिसरूड फुटलेल्या मुलासाठी मी दोन वर्षे माणसे शोधली आहेत. वास्तविक खर्च वाढतो तो बारावीनंतरच. परिचर्या, तंत्रनिकेतन, पदवी, कोणताही अभ्यासक्रम घेतला तरी शुल्क, खोलीभाडे आणि खानावळ यांची तोंडमिळवणी करताना मूल मधेच शिक्षण सोडते आणि वसाहतीत परत येते. म्हणून नव्याने पालकत्व घेऊ इच्छिणाऱ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी पाच मुलांना एकेक वर्ष देण्यापेक्षा एका मुलाला पाच वर्षे द्यावीत, आणि ती सोळा ते एकवीस या वयातली असावीत. आमच्या गटातून ज्या मुलीची आई बँकेत गेली होती, ती सध्या परिचर्येच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रवेशअर्ज भरताना तिने मला एकच प्रश्न विचारला होता: पत्त्यात वसाहतीचे नाव लिहायलाच हवे का, केवळ प्रभाग आणि पिनकोड चालणार नाही का? शाळा सोडल्याच्या दाखल्यापासून शिधापत्रिकेपर्यंत या मुलांचा पत्ताच त्यांची ओळख सांगून टाकतो. नगरपालिकांनी वसाहतींच्या पाट्यांवरील ‘महारोगी’, ‘कुष्ठ’ हे शब्द रहिवाशांना विचारून बदलावेत, ही सूचना या निमित्ताने करून ठेवतो.

अखेरचा मुद्दा आपल्या दैनिकाच्या कक्षेतला आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाचे नाव, पत्ता, शाळा वा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. बालकल्याण समितीसमोर आलेली ही मुले याच वर्गात मोडतात. समितीकडे न गेलेल्यांना तोच न्याय लावण्यास आपणांस कोणी अडवलेले नाही. दरवर्षी ३० जानेवारीला कुष्ठरोग निवारण दिन येतो आणि त्या सुमारास अशा कार्यक्रमांची निमंत्रणे आपल्या कार्यालयात येतात. बातमी जरूर छापावी, देणाऱ्यांची नावेही छापावीत. वार्ताहरांना फक्त एवढे सांगावे की छायाचित्र दप्तरांचे घ्यावे, वह्यांच्या गठ्ठ्याचे घ्यावे, फार तर मुलांचे पाठमोरे घ्यावे. आणि एखाद्या मुलाने वही तोंडासमोर धरलीच, तर ती तशीच राहू द्यावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक