बाई, ती कोरी जागा सोडलीत म्हणून

आदरणीय बाई,

तोंडावर आभार मानले तर तुम्ही 'त्यात काय एवढं' म्हणून विषय बदलाल, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा लेखक टॉल्किन याने रचलेल्या, एल्फ या काल्पनिक लोकांच्या भाषांमधली नावं का बदलत जातात, एवढंच मला हवं होतं. आधी ज्यांना विचारलं त्यातल्या एकाने 'काल्पनिक भाषेला कसले आलेत नियम' म्हणून उडवून लावलं. दुसऱ्याने भलीमोठी शब्दयादी पाठवली. तिच्यात १९३०च्या दशकातल्या नोल्डोरिन या एल्फ भाषेची रूपं आणि टॉल्किनने तीच पुढे बदलून केलेल्या सिंडारिनची रूपं एकाच ओळीत कोंबलेली. अशा याद्या बिनदिक्कत वाटणाऱ्यांचा मला अजून राग येतो.

तुम्ही मात्र एक कागद घेऊन मधोमध रेघ मारलीत. डावीकडे पेन्सिलीने, लेखकाने कच्च्या खर्ड्यात बदललेलं: बिंगोचा फ्रोडो, ट्रॉटरचा स्ट्रायडर. उजवीकडे शाईने, बोलणाऱ्यांच्या तोंडी बदललेलं. तिथे पहिलं नाव फेआनोर या एल्फ राजपुत्राच्या आईचं होतं, थेरिंदे. जिभेचं टोक दातांत धरून तो 'थ' तुम्ही मला म्हणायला लावलात, मग 'सेरिंदे'. त्याच्याच नोल्डोर जमातीच्या लोकांनी 'थ'चा 'स' केला आणि आई गमावलेल्या मुलाला तो आईचा अपमान वाटला. एका ध्वनीवरून घरात केवढी तेढ! टॉल्किनचं हे टिपण वाचायला मिळालं १९९६ साली, मुलगा ख्रिस्तोफरने वडिलांची खोडाखोड जपून काढलेल्या 'द हिस्टरी ऑफ मिडल-अर्थ'च्या बाराव्या खंडात.

गॅलाड्रिएल या एल्फ स्त्रीच्या नावापाशी तुमचा हात थांबला. यात झाड आहे की तेज, मी विचारलं. 'बघून सांगते,' म्हणालात आणि पुढची जागा कोरी सोडलीत. एवढा अभ्यास असलेल्या माणसाने माझ्यासारखीसमोर जागा कोरी सोडावी! दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन. मूळ नाव तेलेरिन या दुसऱ्या एल्फ भाषेतलं, अलातारिएल, म्हणजे तेजाचा हार माथ्यावर असलेली. पण 'गलध' म्हणजे झाड, म्हणून काहीजण 'गलध्रिएल' म्हणू लागले. 'शाईच्या बाजूला लिही,' म्हणालात. ज्ञान पुष्कळांकडे असतं हो, पण समोरच्याच्या प्रश्नाचा मान राखणारी माणसं फार थोडी भेटतात.

आता फेआनोरच्या सातही मुलांची नावं अशीच मांडायला घेतली आहेत. थोरल्या मायध्रोसची झाली: वडिलांनी ठेवलेलं नेल्याफिन्वे, आईने ठेवलेलं मैतिमो. उरलेल्या सहांसाठी पुन्हा तुम्हालाच त्रास देणार आहे.

तुमची,
एक विद्यार्थिनी